आईची वाचनाची वही

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्यातील अनेक वस्त्यांप्रमाणे आमच्या सोसायटीतही पाणी शिरले. पुढच्या खोलीत पोटरीइतके पाणी आणि भिंतीलगत आईची पुस्तकांची कपाटे. मी आणि माझी मुलगी खालच्या फळीवरची पुस्तके भराभर उचलून दिवाणावर टाकीत होतो. आई आतल्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नसे, परंतु पाण्यात पुस्तक पडल्याचा आवाज तिला बरोबर कळे. प्रत्येक आवाजाला ती विचारी, "कुठलं गेलं रे?" मी नाव सांगे. "जाऊ दे, दोनदा वाचलंय," ती म्हणे. असे सात-आठ वेळा झाल्यावर तिने एकदम विचारले, "वह्या माळ्यावरच आहेत ना?"

मी "हो" म्हणून मोकळा झालो. कोणत्या वह्या, हे विचारण्याचे मला सुचले नाही. मुख्याध्यापकाच्या घरात वह्यांना तोटा नसतो. दुधाच्या हिशेबाच्या नाहीतर माझ्या शाळेच्या जुन्या वह्या असतील, अशी मी समजूत करून घेतली.

पुढे चार-साडेचार महिन्यांनी, २०२५च्या पौषात, आई गेली. तिला ८२ वे वर्ष चालू होते. दुपारी जेवून आडवी झाली आणि चहाच्या वेळी उठली नाही. तेरावा आटोपल्यावर माळा आवरायला घेतला, तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यात बांधलेल्या नऊ वह्या सापडल्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर सोळा वर्षांच्या मुलीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: 'वाचलेली पुस्तके. प्रारंभ १९५९.' आत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने. आकडा, पुस्तकाचे नाव, लेखक, कोठून मिळाले आणि शेवटचा रुंद रकाना शेऱ्याचा. नवव्या वहीतील शेवटची नोंद २,३१७ क्रमांकाची आहे.

आईचे वाचनवेड आम्हां सर्वांना ठाऊक होते. पण ती त्याची इतकी चोख नोंद ठेवीत होती, हे घरात एका नानांखेरीज कुणालाही माहीत नव्हते. नाना म्हणजे माझे वडील. मी त्यांना विचारले, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "तिची वही, तिची गोष्ट. मी कशाला सांगू?"

आईचे माहेर मांडवीजवळच्या घडियाळी पोळीतले. तिचे वडील गायकवाड सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा आई जेमतेम सहा वर्षांची होती. पण तिच्या वाचनाचे मूळ शोधायचे तर आणखी एक पिढी मागे जावे लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६पासून तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलीला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होई. आईची आई, म्हणजे माझी आजी, ही त्या दंडाच्या धाकाने शाळेत गेलेली मुलगी. ती हसून सांगे, "मला काही कुणी हौसेनं शिकवलं नाही. चार आणे वाचावेत म्हणून वडिलांनी शाळेत धाडलं." दंडाचा खरा आकडा काय होता कोण जाणे, आजीच्या हिशेबात तो नेहमी चार आणे असे.

पुढे १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले, राजवाड्यातला आपला खासगी ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला केला आणि शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बायकांना बसून वाचण्याची निराळी सोय आणि मुलांचे वेगळे दालन त्या काळात इथे होते. गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. बडोदेकर वाचकांना हे मी नव्याने सांगतो आहे असे नाही. पण इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या वाचकांना यात आपापल्या गावच्या वाचनालयांची आठवण यावी. आजी लग्नानंतर पोळीतल्या चार बायकांबरोबर त्या ग्रंथालयात जाई आणि पदराखाली पुस्तक घेऊन परत येई. १९३४ साली बडोद्याला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण मांडवात डोकावून आलो, हे ती म्हातारपणी अभिमानाने सांगे. आत काय चालले होते, हे मात्र तिला सांगता येत नसे. "गर्दी फार होती आणि तुझा मामा कडेवर रडत होता," एवढेच.

आईच्या पहिल्या वहीत 'कोठून मिळाले' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'मध्य. ग्रं.' असे आहे. त्या इमारतीतील लोखंडी कपाटांचे मजले आणि मजल्यांमधली जाड काचेची जमीन हे तिच्या लहानपणीचे मोठे नवल होते. वरच्या मजल्यावर चालणाऱ्या माणसाच्या पावलांची सावली खालून दिसते आणि देवळात वाटते तसे काहीतरी वाटते, असे ती म्हणे.

आता काही शेरे. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' पुढे १९६० साली लिहिले आहे: 'यमूचे वाचून रात्री झोप नाही. आईने दिवा काढून नेला.' व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पुढे: 'धाकटे पुस्तक. मास्तर खरा वाटतो. मेंढ्यांचा वास येतो.' खांडेकरांच्या 'ययाति'पुढे, आणि हे लग्नानंतरचे आहे: 'देवयानीचे चुकते, शर्मिष्ठेचे पटते. ययातीला घरात एक खमकी सासू हवी होती.' शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'पुढे: 'कर्णासाठी फार रडले. वृषालीला आणखी चार पाने द्यायला हवी होती.' मराठीचा एम. ए. म्हणून मी या कादंबऱ्यांवरचे पुष्कळ समीक्षालेख वाचले आहेत. त्यांतले फारच थोडे मला आज आठवतात. ययातीला सासू हवी होती, हे मात्र मी आता विसरणार नाही.

सासू म्हटल्यावर माझ्या दुसऱ्या आजीविषयी सांगितले पाहिजे. आईचे लग्न १९६४ साली झाले आणि ती दांडियाबाजारात आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आली. नाना रेल्वेत, प्रतापनगरच्या कचेरीत कारकून होते. नानांची आई कोकणातून आलेली, निरक्षर, कामाला वाघीण. सुनेच्या हातात पुस्तक दिसले की तिचे एक वाक्य ठरलेले असे: "बाईनं पुस्तक उघडलं की दूध उतू जातं." आणि दूध उतू जातही असे, हे आईने स्वतः मान्य केले आहे.

तोड निघाली ती चातुर्मासात. आजीला पोथी ऐकण्याची आवड. पूर्वी ती देवळात जाऊन ऐके, गुडघे धरल्यावर जाणे बंद झाले. आई दुपारी तिला 'हरिविजय' वाचून दाखवू लागली, मग 'पांडवप्रताप', मग 'भक्तिविजय'. पोथ्या संपल्या तेव्हा कार्तिक संपत आला होता आणि आजीला दुपारच्या ऐकण्याची सवय जडली होती. आईने 'स्वामी' काढली. आजीने पहिल्या दिवशी विचारले, "हे कुठलं पुराण?" आई म्हणाली, "पेशव्यांचं." पुढचे दहा-बारा दिवस दुपारची भांडी लवकर उरकू लागली, कारण आजी स्वतःच घासायला बसे. वहीत या पुस्तकापुढे लिहिले आहे: 'सासूबाईंनी शेवट ऐकून डोळे पुसले. दूध उतू गेले. त्या काही बोलल्या नाहीत.'

नानांना वाचनाची गोडी नव्हती. वर्तमानपत्र आणि रेल्वेचे वेळापत्रक एवढेच त्यांचे वाचन. पण दर शनिवारी कचेरी सुटल्यावर सायकलची वाट वाकडी करून ते मांडवीला जात आणि पुस्तके बदलून आणीत. आईने यादी दिलेली असे; यादीतले काहीच मिळाले नाही तर नाना आपल्या मनाने निवड करीत. त्यांची कसोटी एकच, पुस्तक जाड पाहिजे. "आठवडाभर पुरलं पाहिजे ना," ते म्हणत. या कसोटीमुळे आईच्या वाचनात शेतकीवरचा एक ग्रंथ आणि वेदान्तावरचे दोन येऊन गेले. शेतकीच्या ग्रंथापुढे शेरा आहे: 'ह्यांनी आणले म्हणून वाचले. खताचे प्रकरण बरे आहे.'

शेजारी सारी गुजराती घरे. दुपारी ओट्यावर भाजी निवडायला बायका जमत, तेव्हा आई वाचलेली कादंबरी त्यांना गुजरातीतून सांगे. रोज थोडी. कधी ऐन रंगात आलेले प्रकरण थांबवून ती चहा टाकायला उठे आणि मागून गलका होई, "पछी शुं थयुं, बेन?" त्यांच्यापैकी एका मासीने मग तिला मुनशींचे 'गुजरातनो नाथ' आणून दिले आणि पन्नालाल पटेलांचे 'मळेला जीव'. आई गुजराती वाचायला अशी शिकली, तिशीत, कुणी न शिकवता. आपल्या लोकांत कित्येकदा अशी तक्रार ऐकू येते की इथल्या भाषेने आपली भाषा खाल्ली. १९६० साली गुजरात राज्य झाल्यावर इथल्या मराठी शाळांचे वर्ग वर्षावर्षाने रोडावले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी स्वतः गुजराती माध्यमाच्या सरकारी शाळेत नोकरी केली आहे. तरी आमच्या ओट्यावर उलटाच व्यवहार होत होता, एवढे नमूद करतो. 'मळेला जीव'पुढे आईने चक्क गुजराती लिपीत शेरा लिहिला आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगण्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला आणि तीन वेळा बाजूला ठेवला.

१९९२ साली मी येथील विश्वविद्यालयात मराठीचे एम. ए. करीत होतो. वर्गात पाच-सहा जण. मर्ढेकरांची कविता, नेमाड्यांची 'कोसला', सौंदर्यशास्त्र असा आमचा अभ्यास आणि त्या अभ्यासाची आम्हांला चढलेली धुंदी. दिवाळीच्या सुट्टीत मित्र घरी आले होते. आई चहा घेऊन आली. तिच्या हातात एका महिला मासिकाचा दिवाळी अंक होता आणि त्यातली कादंबरी तिने नुकतीच संपवली होती. कादंबरी तिला फार आवडली होती. तिने मोठ्या उत्साहाने आम्हांला तिची कथा सांगितली आणि विचारले, "तुमच्या अभ्यासाला असलं काही लावतात का रे?"

मी म्हटले, "आई, हे वाङ्मय नव्हे. हे दुपारचं वाचन."

मित्र हसले. आईही हसली. कप गोळा करून आत गेली. एवढाच प्रसंग. पुढे मी तो साफ विसरलो. मला आठवते ते इतकेच की त्यानंतर मी खोलीत गेलो की ती हातातले पुस्तक पुष्कळदा उशाखाली सरकवी. तिला डुलकी येत असावी असे मला वाटे.

सहाव्या वहीत त्या कादंबरीची नोंद आहे, क्रमांक १,२०४. शेरा असा: 'मला आवडली. चांगली की वाईट ते जाणत्यांनी सांगावे.' त्यानंतर शेरे थांबतात. पुस्तकाचे नाव, लेखक, कोठून मिळाले, हे सारे व्यवस्थित. शेवटचा रकाना कोरा. पान उलटावे तो तेच. १९९३, १९९५, २००० अशी साले जातात, सहाशेहून अधिक पुस्तके जातात. रकाना मात्र ती प्रत्येक नव्या पानावर पट्टीने आखीत राहिली आहे.

माझी पत्नी म्हणते, हा तुमच्या मनाचा खेळ आहे. त्याच वर्षी थोरल्या नणंदेचे लग्न निघाले, सासूबाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, शेरे लिहायला सवड तरी कुठे होती? तिचे म्हणणे खोटे नाही. पण सवड नसलेली बाई रकाने कशाला आखील? मी वह्या पुन्हा पुन्हा चाळून पाहिल्या. आजी १९९४ साली गेली. त्यानंतर आईला सवडच सवड होती. शिक्षक म्हणून मी हजारो मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. शिक्षकाच्या एका वाक्याने मूल लिहायचे कसे थांबते, हे मला चांगले माहीत आहे. नव्या शिक्षकांना ते मी व्याख्यान देऊन सांगतही असतो. घरातल्या वहीत ते घडत होते आणि ती वही माळ्यावर होती.

माझा आणखी एक अपराध १९९८ सालचा. दांडियाबाजारातले घर सोडून आम्ही या सोसायटीत आलो, तेव्हा जागा लहान म्हणून जुने दिवाळी अंक आणि मासिकांचे गठ्ठे मी पस्तीवाल्याला देऊन टाकले. (आम्ही बडोदेकर रद्दीला पस्ती म्हणतो, पुण्याच्या वाचकांनी हसू नये.) आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी त्याच्या दुकानात गेली आणि 'किर्लोस्कर', 'स्त्री' यांचे थोडे अंक आणि 'चांदोबा'चे दोन मोठे गठ्ठे विकत घेऊन परत आली. मला जेवढे पैसे मिळाले होते त्याहून जास्त तिने मोजले, असे नानांकडून पुढे कळले. 'चांदोबा' कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "लागेल कुणाला तरी." माझे तेव्हा लग्नही झालेले नव्हते.

माझी मुलगी २००४ सालची. इंग्रजी माध्यमाची शाळा, मैत्रिणी गुजराती, दूरचित्रवाणी हिंदी. घरी मराठी बोले, पण मराठी वाचणे हा तिच्या आयुष्यात कुठे बसणारा विषय नव्हता. मी एम. ए., मुख्याध्यापक होऊ घातलेला. मला तिला बसवून शिकवायला जमले नाही. माझ्याजवळ पाठ्यपुस्तक होते. आजीजवळ 'चांदोबा' होता. विक्रम झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेई, वेताळ गोष्ट सांगू लागे आणि नेमक्या जागी आजीचा चष्मा हरवे. "आता तूच बघ बाई पुढं काय लिहिलंय." सहा महिन्यांत मुलगी गडगड वाचू लागली.

लिहिताना तिची एक अडचण होई. शाळेत गुजराती लिहायची सवय, आणि गुजराती अक्षरांना वर रेघ नसते. मराठी लिहितानाही ती शिरोरेषा विसरे. मी तिला नियम सांगत असे. आजी म्हणे, "अगं, अक्षरांना छप्पर घाल. पाऊस आला तर भिजतील सगळी." मग मुलगी पान पूर्ण लिहून झाल्यावर एकेका शब्दावर छप्पर घालीत बसे. आज ती एकवीस वर्षांची आहे, फिजिओथेरपी शिकते आहे, आणि अजूनही मराठी लिहिताना आधी सारी अक्षरे लिहिते व मग वरच्या रेघा ओढते.

२००९ साली वहीत एक नोंद आहे: 'चांदोबा, जुना बांधीव, छोटीबरोबर.' आणि शेऱ्याच्या रकान्यात, सतरा वर्षांनी, अक्षरे उमटली आहेत: 'छोटी म्हणते, वेताळ वाईट नाही. एकटा आहे म्हणून गोष्टी सांगतो.' त्यानंतर शेरे पुन्हा सुरू होतात, पण जवळजवळ सारे नातीचे. 'छोटी म्हणते श्यामची आई फार रागावते.' 'छोटीला शेवट आवडला नाही, तिने दुसरा केला.' स्वतःचे मत आई लिहीत नाही. नातीचे लिहिते.

२०१८च्या फेब्रुवारीत बडोद्याला ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९३४नंतर ८४ वर्षांनी संमेलन आमच्या गावी आले होते. आईने तिन्ही दिवस जायचा हट्ट धरला. भाषणे तिने थोडीच ऐकली. तिचा सारा वेळ ग्रंथप्रदर्शनात गेला. एका हातात नातीचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. एका दुकानापुढे तिने एक सामाजिक कादंबरी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, एम. ए.ला चालेल ना ही?" मी हसलो आणि म्हटले, "घे की, तुला आवडते तर." तिने घेतली. २६ वर्षांपूर्वीचे ती मला विचारीत होती, हे मला आज कळते. त्या क्षणी दोन शब्द बोलायला हवे होते. ते मी बोललो नाही, आणि आता बोलायला जागा नाही.

२०१९पासून तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढला. समोरचा माणूस दिसे, चेहरा पुसट होई. ओळ दिसे, मधला शब्द नाहीसा. भिंग आणले, मोठ्या दिव्याची सोय केली, थोडे दिवस भागले. मी म्हटले, हल्ली मोबाईलवर पुस्तके ऐकता येतात. तिने दोन दिवस ऐकले आणि बंद करायला सांगितले. "तो माणूस थांबत नाही," ती म्हणाली.

त्यानंतर नाना वाचू लागले. ८१ वर्षांचे होते. जन्मात कादंबरी हातात न धरलेले गृहस्थ रोज दुपारी साडेतीनला चष्मा पुसून खुर्ची पलंगाजवळ ओढीत आणि रेल्वेचे परिपत्रक वाचावे तशा एका सुरात वाचू लागत. बाहेरच्या खोलीतून आम्हांला ऐकू येई. "अहो, ती रडतेय तिथं. जरा हळू." नाना थांबत, मागे जात आणि तेच वाक्य तितक्याच सपाट सुरात, पण हळू वाचीत. कधी आई म्हणे, "एक ओळ गाळलीत तुम्ही." नाना शोधीत आणि ओळ खरोखरच गाळलेली असे. साठ वर्षे एका छपराखाली राहून त्या दोघांना एवढे बोलताना मी त्याआधी पाहिले नव्हते. पुढे पुढे नाना स्वतःच विचारू लागले, "हा असा का वागला गं?" आणि आई त्यांना समजावून सांगे. आठव्या वहीच्या मध्यापासून अक्षर नानांचे आहे, हिशेबनीसाचे, उजवीकडे कललेले. शेरा आई सांगे आणि ते लिहून घेत. त्यांतला एक असा: 'ह्यांना आवडले. मला ह्यांचे वाचणे आवडले.'

आता घरात पुस्तकांचे काय करायचे, ही चर्चा चालू आहे. पुण्याची बहीण म्हणते, तिकडे पाठवा. इथल्या एका वाचनालयात मी विचारून पाहिले. त्यांनी अडचण सांगितली, जागेची आणि वाचकांची. मुलगी म्हणते, एकही हलवायचे नाही. पुरात भिजलेली पुस्तके आम्ही पंख्याखाली वाळवली होती, त्यांची पाने फुगली आहेत आणि कपाटाचे दार आता लागत नाही. तूर्त ते तसेच आहे.

आई गेली त्या दिवसांत नाना तिला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवीत होते. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक तिने पाचव्यांदा घेतले होते. दर वेळी तिने त्याला नवा आकडा दिला आहे. तिसऱ्या वेळी शेरा आहे, 'हसता हसता पदर ओला'. चार भागांपैकी तिसरा भाग संपत आला होता. तेराव्यानंतर आठवडाभराने दुपारी साडेतीनला मला आतल्या खोलीतून नानांचा आवाज ऐकू आला. खुर्ची पलंगाजवळ होती आणि ते रिकाम्या पलंगासमोर वाचीत होते, त्याच सुरात. मी दारातून मागे फिरलो.

महिनाभराने पुस्तक संपले. नानांनी मला बोलावून नववी वही पुढे केली. म्हणाले, "चौथा भाग तिनं ऐकलाच नाही या खेपेला. मग याला नंबर द्यायचा का?"

मला उत्तर देता आले नाही. मुलगी शेजारी होती. ती म्हणाली, "आजोबा, द्या. तुम्ही तर वाचलंय ना पूर्ण." नानांनी थोडा विचार केला आणि टेबलावरचे पेन घेतले. २,३१८ हा आकडा लिहिताना मी पाहिला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले ते मी पाहिलेले नाही. वही त्यांच्या उशाखाली असते.